तापलेला अणुगर्भ

एखादी वस्तू आतून कशी बांधली गेली आहे हे जाणून घेण्याचा मनुष्याचा फार जुना मार्ग म्हणजे ती फोडून पाहणे. मातीचे मडके, गुळाची ढेप, नारळ आणि लोखंडाची कांब या चारही वस्तूंवर हातोड्याचा सारखाच घाव घातला, तरी त्या घावाला चौघांचे उत्तर निरनिराळे असते. मडक्याच्या खापऱ्या होतात, ढेपेचे लहानमोठे तुकडे आणि त्यांबरोबर पुष्कळसा भुगा पडतो, नारळाची बहुधा दोन भकले होतात आणि कांब नुसती वाकते. फुटण्याच्या या तऱ्हेतच वस्तूच्या अंतरंगाची साक्ष असते. वस्तू विस्कटण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो उष्णतेचा. पाण्याला घाव लागत नाही. पण चुलीवर ठेवले की ते उकळते आणि त्याची वाफ होऊन जाते. घावाने फुटणे आणि उष्णतेने उकळणे हे दोन प्रकार व्यवहारात इतके वेगळे आहेत, की त्यांची गल्लत होण्याचा संभव कोणालाही वाटणार नाही.

अणूच्या गर्भाच्या बाबतीत मात्र ही गल्लत होण्याचा संभव खराच होता, आणि ती दूर करण्यासाठी शास्त्रज्ञांना कित्येक दशके झटावे लागले. अतिशय वेगाने आलेला कण अणुगर्भावर आदळला म्हणजे त्या गर्भाचे तुकडे उडतात. हे तुकडे मडक्याच्या खापऱ्यांच्या जातीचे, की उकळत्या आधणाच्या वाफेच्या जातीचे? प्रश्न साधा दिसतो. पण ज्या पदार्थापासून सर्व वस्तुजाताचा भार बनला आहे, त्या पदार्थाचा स्वभाव या एका प्रश्नाच्या उत्तरात दडलेला आहे.

अणूचा जवळजवळ सर्व भार त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म गर्भात साठवलेला असतो, हे अर्नेस्ट रदरफर्ड यांनी १९११ साली दाखवून दिले. १९३२ साली जेम्स चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधून काढला, आणि अणुगर्भ हा धन विद्युद्भाराचे प्रोटॉन व विद्युद्भाररहित न्यूट्रॉन यांचा समूह आहे, हे चित्र पुरे झाले. या दोन्ही कणांना न्यूक्लिऑन असे सामाईक नाव आहे. सोन्याच्या अणुगर्भात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन, असे १९७ न्यूक्लिऑन एकत्र नांदतात. मिलिमीटरचे एक लाख कोटी समान भाग कल्पिले, तर त्यांपैकी अवघे सात भाग एवढीच या बिऱ्हाडाची त्रिज्या भरते.

अणुगर्भातील ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट या मापाने मोजतात. त्याला संक्षेपाने एमईव्ही म्हणतात. गर्भातून एक न्यूक्लिऑन सोडवून घ्यायला सरासरीने सुमारे ८ एमईव्ही ऊर्जा खर्च करावी लागते. उकळत्या पाण्यातून पाण्याचा एक रेणू सुटताना जेवढी ऊर्जा लागते, तिच्या ही सुमारे दोन कोटी पट आहे. परंतु आकड्यांचे हे अंतर बाजूला ठेवले, तर पाण्याचा थेंब आणि अणुगर्भ यांच्यात विलक्षण साम्य आढळते. थेंब लहान असो वा मोठा, त्याची घनता तीच असते. अणुगर्भाचेही बहुतांशी तसेच आहे. थेंबातील रेणूंवर फक्त शेजारच्या रेणूंची ओढ चालते. गर्भातील न्यूक्लिऑनही शेजाऱ्यापुरतेच एकमेकांना धरून असतात, आणि फारच जवळ आले तर एकमेकांना दूर लोटतात. थेंबाला पृष्ठताण असतो, तसाच तो गर्भालाही असतो. जॉर्ज गॅमो यांनी पुढे मांडलेल्या आणि कार्ल फ्रीडरिख फॉन वाइत्सेकर यांनी १९३५ साली गणिती सूत्रात बसवलेल्या या कल्पनेला द्रवबिंदूची प्रतिकृती म्हणतात.

अणुगर्भ जर द्रवाचा बिंदू असेल, तर तो तापेल काय? या प्रश्नाला नील्स बोर यांनी १९३६ साली उत्तर दिले. एका उथळ बशीत पुष्कळ गोट्या ठेवल्या आहेत आणि बाहेरून एक गोटी वेगाने घरंगळत येऊन त्यांत शिरली आहे, असे चित्र त्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. बशी रिकामी असती, तर ती गोटी पलीकडच्या काठावरून निघून गेली असती. पण गोट्यांच्या गर्दीत तिचा वेग क्षणात सर्वांमध्ये वाटला जातो आणि काठ ओलांडण्याइतकी ऊर्जा एकीजवळही उरत नाही. अणुगर्भात शिरलेल्या कणाची गत हीच होते. त्याने आणलेली ऊर्जा सर्व न्यूक्लिऑनांमध्ये अस्ताव्यस्तपणे विखुरते; आणि अस्ताव्यस्त विखुरलेली ऊर्जा यालाच तर उष्णता म्हणतात. पुढे केव्हातरी योगायोगाने एखाद्या न्यूक्लिऑनच्या वाट्याला पुरेशी ऊर्जा येते आणि तो निसटतो. थेंबावरून रेणू उडून जावा तसे हे बाष्पीभवन असल्यामुळे व्हिक्टर वाइसकॉफ यांनी १९३७ साली त्याचे गणितही बाष्पीभवनाच्याच रीतीने मांडले.

त्यानंतर दीड वर्षाच्या आतच ओटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांच्या प्रयोगातून आणि लिझे माइटनर व ओटो फ्रिश यांच्या विवेचनातून युरेनियमच्या गर्भाचे विखंडन जगापुढे आले. एका न्यूट्रॉनच्या प्रवेशाने थरथरणारा भारी गर्भ लांबट होतो, मध्ये बारीक होतो आणि नारळाच्या भकलांप्रमाणे दुभंगतो. याप्रमाणे थोड्या उष्णतेचे दोन परिणाम ठाऊक झाले: हळूहळू वाळणे किंवा दोन भागांत तुटणे. पण उष्णता फार झाली तर? बोर यांनी १९३६ च्या त्याच निबंधात सूचित केले होते, की एक हजार एमईव्हीच्या आसपास ऊर्जा असलेला कण आदळला, तर सबंध अणुगर्भाचाच स्फोट होईल. त्या काळी एवढ्या ऊर्जेचे कण निर्माण करणारे यंत्र पृथ्वीवर कोठेही नव्हते.

यंत्र नव्हते, पण आकाश होते. अवकाशातून पृथ्वीवर अहोरात्र विश्वकिरणांचा वर्षाव चालू असतो, आणि त्यांतील कित्येक कणांची ऊर्जा बोर यांच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे जाते. व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ आणि हेर्था वाम्बाखर यांनी इन्सब्रुकजवळच्या हाफेलेकार शिखरावर सुमारे २,३०० मीटर उंचीवर छायाचित्रणाच्या लेपाच्या काचा काही महिने ठेवून दिल्या. १९३७ साली त्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना एका बिंदूपासून चोहोबाजूंना फुटलेल्या रेषांच्या आकृती त्यांना दिसल्या. लेपातील एखाद्या अणुगर्भावर विश्वकिरणातील कण आदळून त्याच्या ठिकऱ्या उडाल्या होत्या, आणि प्रत्येक ठिकरीने आपला मार्ग लेपावर रेखून ठेवला होता. या आकृतींना तारे असे नाव पडले. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रिया हिटलरच्या ताब्यात गेला, आणि ज्यू कुळात जन्मलेल्या मारिएटा ब्लाऊ यांना देश सोडून प्रथम नॉर्वे व मग मेक्सिको येथे आश्रय घ्यावा लागला. ज्या तंत्राचा पाया त्यांनी घातला, त्याचा विकास करणारे सेसिल पॉवेल यांना १९५० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लाऊ यांच्या वाट्याला तो मान आला नाही.

याच तंत्राने भारतातही काम झाले, हे थोड्यांना ठाऊक असते. कोलकात्याच्या बोस संशोधन मंदिरात देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधुरी यांनी दार्जिलिंग व संदकफू येथे उंचावर काचा ठेवून विश्वकिरणांचे मार्ग टिपले. महायुद्धामुळे अधिक संवेदनशील काचा मिळेनाशा झाल्या आणि ते काम अर्ध्यावर राहिले. विभा चौधुरी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. याच संस्थेत १९५० नंतरच्या दशकात बर्नार्ड पीटर्स यांनी विश्वकिरणांचे संशोधन केले. विश्वकिरणांत नुसते प्रोटॉनच नसून भारी अणुगर्भही असतात, हे बलूनमधून उंच पाठवलेल्या काचांच्या साहाय्याने ज्यांनी १९४८ साली दाखवले, त्यांपैकी ते एक होते.

ताऱ्यांनी बोर यांचे भाकीत खरे ठरवले; पण त्यांनी मूळ प्रश्न सोडवला नाही. गर्भ फुटतो एवढे कळले. तो कसा फुटतो हे कळायला हजारो घटना मोजून, तोलून, वर्गवारी लावून पाहायला हव्या होत्या. त्यासाठी आकाशाच्या मर्जीवर न चालणारी त्वरक यंत्रे लागली. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत ८०,००० ते ३,५०,००० एमईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन क्रिप्टॉन व झेनॉन या वायूंच्या गर्भांवर आदळवून पर्ड्यू विद्यापीठ आणि त्याच्या सहकारी संस्थांतील संशोधकांनी १९८२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तुकड्याचा भार दुप्पट धरला, की त्यांची संख्या सुमारे सहाव्या हिश्श्यावर येते. पुन्हा दुप्पट धरला, की पुन्हा सहाव्या हिश्श्यावर. लहानापासून मोठ्यापर्यंत हेच प्रमाण कायम होते. बाष्प आणि द्रव यांतील भेदच जेथे मावळतो, त्या क्रांतिक बिंदूपाशी सर्व आकारांचे थेंब जवळजवळ याच प्रमाणात असतात, असे गणित मायकेल फिशर यांनी १९६७ साली मांडलेले होते. तेव्हा अणुगर्भाचे द्रव वायुरूप होताना पाहायला मिळाले, असे अनेकांना वाटले.

परंतु शास्त्रात साम्य म्हणजे पुरावा नव्हे. दगड घणाने फोडला, तरी त्याच्या तुकड्यांची संख्या पुष्कळदा अशाच नियमाने घटत जाते, आणि दगड काही उकळत नाही. मडके की आधण, हा प्रश्न होता तेथेच राहिला.

त्याच्या उत्तराची दिशा जर्मनीतील डार्मश्टाट येथील भारी आयनांच्या प्रयोगशाळेत सापडली. तेथे सोन्याचे गर्भच वेगवान करून कार्बन, ॲल्युमिनियम, तांबे व शिसे यांच्या पातळ पत्र्यांवर सोडण्यात आले. प्रत्येक न्यूक्लिऑनमागे ६०० एमईव्ही एवढी त्यांची ऊर्जा होती. असा सोन्याचा गर्भ समोरच्या गर्भाला ओझरता घासून गेला, म्हणजे दोहोंचे एकमेकांवर आलेले भाग चिरडले जातात. पण सोन्याच्या गर्भाचा उरलेला भाग तापून आपल्या मूळ दिशेने पुढे धावत राहतो आणि धावता धावताच विस्कटतो. त्याचे तुकडे एकाच बाजूला जात असल्यामुळे अलादिन नावाच्या उपकरणसमूहाला त्यांची जवळजवळ संपूर्ण मोजदाद करता आली.

१९९१ साली जे चित्र समोर आले ते असे. टक्कर हलकी असेल, तर एक मोठा गर्भ आणि थोडे सुटे कण उरतात. टक्कर जोराची होत जाईल तसतशी मध्यम आकाराच्या तुकड्यांची संख्या वाढत जाते आणि एका टप्प्यावर शिगेला पोचते. त्याहून जोराच्या टकरीत ती पुन्हा घटते. कारण तेव्हा सारा गर्भ हलक्या कणांच्या रूपाने उधळला जातो. आधी द्रव, मग द्रव व बाष्प यांचे मिश्रण आणि शेवटी केवळ बाष्प, अशी ही परंपरा झाली. याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. सोन्याचा गर्भ कार्बनवर आदळला काय किंवा शिशावर आदळला काय, उरलेला तप्त भाग किती मोठा आणि किती तापलेला आहे एवढे सारखे असले, की तुकड्यांचा हिशोब तोच येत होता. मडक्याच्या खापऱ्या पाहून काठी कोठे बसली हे सांगता येते. आधणाच्या वाफेवरून खाली शेणी जळत होत्या की लाकडे, हे सांगता येत नाही. घावाची स्मृती पुसली जाणे हीच उष्णतेची खूण आहे, आणि ती खूण येथे स्पष्ट उमटली होती.

तरीही उकळण्याची खरी कसोटी उष्णतामानाची. आधणाखाली जाळ कितीही वाढवला, तरी पाणी पुरते आटेपर्यंत त्याचे उष्णतामान वाढत नाही. दिलेली सारी उष्णता अवस्थांतरातच खर्ची पडते. अणुगर्भाला तापमापक लावायचा कसा? त्याचा मार्ग तुकड्यांतच होता. हेलियमचे दोन आणि लिथियमचे दोन समस्थानिक निवडले. त्यांपैकी काही घट्ट बांधलेले असतात, काही सैल. उष्णतामान जसे बदलते, तसे सैल आणि घट्ट यांचे प्रमाण बदलते. आणि त्या प्रमाणावरून उलट गणित करून उष्णतामान काढता येते. डार्मश्टाटच्या संशोधकांनी १९९५ साली या रीतीने काढलेला आलेख प्रसिद्ध केला. प्रत्येक न्यूक्लिऑनमागे सुमारे ३ एमईव्ही उष्णता मिळेपर्यंत गर्भाचे उष्णतामान वाढत गेले. तेथून सुमारे १० एमईव्हीपर्यंत ते ५ एमईव्हीच्या आसपास जवळजवळ स्थिर राहिले. आणि त्यानंतर पुन्हा चढू लागले. ५ एमईव्ही म्हणजे सुमारे ५,८०० कोटी अंश. सूर्याच्या अंतर्भागातील उष्णतामानाच्या हे जवळजवळ चार हजार पट आहे. अणुगर्भाचे आधण येथे येते, असे त्या आलेखाने सुचवले.

त्यावर आक्षेप आले, आणि ते यायलाच हवे होते. जो गर्भ अधिक तापला, तो आधीच अधिक कण गमावून बसलेला होता. म्हणजे आलेखाच्या दोन टोकांना एकाच आकाराचे गर्भ नव्हते. टेक्सासमधील जोसेफ नॅटोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली निरनिराळ्या प्रयोगांची मापे गर्भांच्या आकारांप्रमाणे वेगळी काढून मांडली. सपाट भाग टिकून राहिला. मात्र गर्भ जितका भारी, तितका तो भाग कमी उष्णतामानावर येतो असे दिसले. याचे कारण उघड आहे. भारी गर्भात प्रोटॉन पुष्कळ असतात, ते एकमेकांना दूर लोटत असतात, आणि त्यामुळे असा गर्भ विस्कटायला थोडी उष्णता पुरते. फ्रान्समधील कां शहरी १९९३ साली सुरू झालेल्या इंद्रा या ३३६ शोधकांच्या उपकरणाने आणि डार्मश्टाटच्या प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली: विशिष्ट ऊर्जेच्या पट्ट्यात घटनांचे दोन गट पडतात. एका गटात मोठा गर्भ शिल्लक राहतो, दुसऱ्यात त्याचा चुराडा होतो, आणि मधल्या अवस्था विरळा आढळतात. द्रव व बाष्प एकाच वेळी नांदत असल्याचे हे लक्षण मानले जाते.

हे सर्व किती त्वरेने घडते याची कल्पना करणेही कठीण आहे. कमी उष्णतेत कण एकामागून एक सावकाश निघतात. पण उष्णता पुरेशी झाली, की तप्त गर्भ फुगतो, मूळ घनफळाच्या तिप्पट किंवा त्याहूनही मोठा होतो आणि जवळजवळ एकदम अनेक ठिकाणी सुटतो. सोन्याचा गर्भ ओलांडायला प्रकाशाला जेवढा वेळ लागेल, त्याच्या काही पटींतच सारे आटोपते. याला बहुखंडन म्हणतात. अवघे १९७ कण, भोवती भांडे नाही, वर झाकण नाही. अशा वस्तूला उकळणे हा शब्द लावावा काय? पाणी उकळते असे म्हणताना असंख्य रेणू गृहीत धरलेले असतात. एवढ्या थोड्या कणांच्या अवस्थांतराचे गणित नव्याने रचावे लागले. कोपनहेगन व बर्लिन येथील शास्त्रज्ञांनी, तसेच मॉन्ट्रियल येथे सुबल दासगुप्ता यांनी ते रचले; कोलकात्याच्या व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन केंद्रातील संशोधकांनीही त्यात भर घातली आहे. आज बहुतेक संशोधक उकळण्याच्या बाजूने कौल देतात. पण अशा सूक्ष्म वस्तूत त्या शब्दाचा अर्थ काय करावा, याविषयीची चर्चा संपलेली नाही.

या सायासाचे प्रयोजन केवळ सोन्याचे गर्भ फोडण्यापुरते नाही. प्रचंड तारा आयुष्याच्या अखेरीस कोसळतो, तेव्हा त्याच्या गाभ्याभोवती अणुगर्भाच्या घनतेहून विरळ आणि काही एमईव्ही उष्णतामानाचा पदार्थ निर्माण होतो. प्रयोगशाळेत क्षणभर साधते, तीच ही अवस्था. त्या पदार्थात सुटे न्यूक्लिऑन किती आणि भारी तुकडे किती, यावर न्यूट्रिनो कण त्यातून कसे बाहेर पडतात हे अवलंबून असते; आणि ताऱ्याचा स्फोट यशस्वी होण्यात न्यूट्रिनोंचा वाटा मोठा आहे. १९८७ सालच्या फेब्रुवारीत मॅजेलनच्या मोठ्या मेघातील एका ताऱ्याचा स्फोट पृथ्वीवरून दिसला, तेव्हा जपान, अमेरिका व सोव्हिएत संघ येथील उपकरणांनी मिळून अवघे दोन डझन न्यूट्रिनो टिपले. अशा मोजक्या साक्षीदारांचे म्हणणे समजून घ्यायचे, तर तापलेल्या अणुगर्भीय पदार्थाचे ज्ञान जवळ असावेच लागते.

पृथ्वीवरही हा खेळ रोज चालतो. विश्वकिरणांच्या आघाताने वातावरणातील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचे गर्भ विस्कटतात; त्यांतून सुटलेले न्यूट्रॉन इतर नायट्रोजनच्या गर्भांत शिरून कार्बन-१४ निर्माण करतात. वनस्पतींतून तो सर्व जिवांत उतरतो, आणि जीव मेल्यावर दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ ठरवताना डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना उपयोगी पडले ते हेच घड्याळ. जपानमध्ये चिबा येथे १९९४ पासून कर्करोगाच्या गाठी वेगवान कार्बनच्या गर्भांनी जाळल्या जातात. त्यांतील काही गर्भ शरीरात शिरता शिरताच तुटतात आणि त्यांचे हलके तुकडे गाठीच्या पलीकडे निरोगी भागापर्यंत जातात. त्यांचा हिशोब उपचारापूर्वीच करावा लागतो, आणि त्या हिशोबावर रुग्णाचे हित अवलंबून असते.

डार्मश्टाट येथे आता त्याहून मोठे त्वरक केंद्र उभारले जात आहे. भारत त्याचा भागीदार आहे, आणि भारताच्या वतीने त्या भागीदारीचा भार वाहणारी संस्था कोलकात्याचे बोस संशोधन मंदिर ही आहे. संदकफूच्या थंडीत जेथून काचा पाठवल्या गेल्या होत्या, तीच ही संस्था. त्या काचांवरच्या बारीक रेषांपासून निघालेला मार्ग अजून पुरा झालेला नाही. न्यूट्रॉनांचे प्रमाण फार वाढवलेला गर्भ उकळतो तेव्हा त्याचे बाष्प आणि द्रव न्यूट्रॉनांची वाटणी कशी करतात, हा आजचा प्रश्न आहे. न्यूट्रॉन ताऱ्यांच्या कवचाची रचना समजण्यासाठी त्याचे उत्तर हवे आहे, आणि ते उत्तरही पुन्हा तुकडे मोजूनच मिळवावे लागणार आहे.